नरसोबाच्या वाडीला मुक्कामी जावे ते असे

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेल्या या गावाचे कागदोपत्री नाव नृसिंहवाडी असले, तरी एसटीच्या वाहकापासून पुण्यामुंबईच्या दत्तभक्तांपर्यंत सगळे त्याला नरसोबाची वाडी म्हणतात आणि दुसऱ्यांदा नाव घेताना नुसते ‘वाडी’ म्हणून मोकळे होतात. बहुतेक यात्रेकरू कोल्हापूरची अंबाबाई आणि जोतिबा करून परतीच्या वाटेवर दोन तास काढतात, रांगेतून पादुकांचे ओझरते दर्शन घेतात, पेढ्यांचे पुडे बांधून घेतात आणि निघतात. त्यांना दर्शन घडते, पण वाडी घडत नाही, असे माझे मत आहे. या देवस्थानात पाहण्यासारखी वास्तू लहानशीच आहे; खरे वैभव आहे ते पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत चालणाऱ्या नित्यक्रमात. म्हणून शक्य असेल त्याने एक रात्र मुक्कामाची ठेवावी, दुपारनंतर वाडीत पोहोचावे आणि दुसऱ्या दिवशीची महापूजा पाहून निघावे. पुढील सर्व सूचना हे वेळापत्रक गृहीत धरून दिलेल्या आहेत.

जाण्यापूर्वी स्थळाची थोडी ओळख असलेली बरी, कारण ती नसेल तर समोर काय दिसते आहे हेच उमगत नाही. दत्तसंप्रदायात दत्तात्रेयांचे दुसरे अवतार मानले गेलेले श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराज मूळचे विदर्भातील कारंजा येथील. संन्यास घेऊन तीर्थाटन केल्यावर त्यांनी कृष्णेच्या वरच्या अंगाला औदुंबर येथे एक चातुर्मास केला, त्यानंतर येथे बारा वर्षे वास्तव्य केले आणि मग ते भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूरला गेले. वाडी सोडताना, येथील औदुंबराखाली आपल्या पादुका ठेवून, आपण गेलो तरी येथेच आहोत, असे आश्वासन त्यांनी दिले अशी श्रद्धा आहे. ज्या दिवशी ते निघाले ती आश्विन वद्य द्वादशी गुरुद्वादशी म्हणून वाडीत उत्सवाने साजरी होते. तात्पर्य, येथे गाभाऱ्यात मूर्ती शोधू नये. पूजा होते ती औदुंबरातळीच्या पाषाणातील ‘मनोहर पादुकां’ची, दत्तात्रेयांची मूर्ती आहे ती उत्सवमूर्ती.

देवळाला नेहमीसारखे शिखर नाही, हेही अनेकांच्या नजरेत येते आणि मग प्रश्न पडतो. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची गेलेली दृष्टी येथील अंगाऱ्याने परत आली, त्या कृतज्ञतेपोटी त्याने हे देऊळ बांधून दिले आणि पलीकडच्या तीरावरील औरवाड व गौरवाड ही गावे पूजेअर्चेसाठी इनाम दिली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेचा शब्दन् शब्द इतिहासाच्या कसोटीला लावत बसण्याची गरज नाही, पण देवळाची ठेवण पाहताना ती आठवावी.

दिवस कोणता निवडावा

पहिला निर्णय तिथीचा नसून पाण्याचा असतो. देऊळ नदीच्या पात्रालगत, घाटाच्या पायऱ्यांच्या खालच्या अंगाला आहे. बाजाराच्या गल्लीतून आपण चक्क उतरत उतरत देवाकडे जातो. त्यामुळे पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, कृष्णा चढली की पाणी आधी घाटावर, मग मंडपात आणि शेवटी पादुकांपर्यंत येते. पाणी उत्तरेकडील दाराने आत शिरून, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दाराने बाहेर पडू लागले, की त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. स्वतः कृष्णामाई महाराजांच्या पादुकांना स्नान घालून बाहेर येते, म्हणून त्या दाराशी स्नान करणे हे भाविकांना पर्वणीसारखे वाटते. पाणी चढताना होतो तो चढता दक्षिणद्वार आणि ओसरताना पुन्हा होतो तो उतरता. एकाच पावसाळ्यात हा योग अनेकदा येऊ शकतो, आणि एखाद्या कोरड्या वर्षी त्याची वाट पाहत बसावे लागते. पंचांगात तो छापलेला नसतो, हेच त्याचे वेगळेपण.

तो गाठायचा असेल तर नजर धरणांवर आणि पुलांवर ठेवावी. कृष्णेत कोयनेचे पाणी येते आणि पंचगंगेत राधानगरीचे. वर्तमानपत्रांत आणि जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या निवेदनांत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची आणि कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी फुटांत दिलेली असते. आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट, तर राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. दक्षिणद्वार या पातळ्यांच्या पुष्कळ आधीच होतो, म्हणून पाणी इशाऱ्याकडे सरकू लागले असेल तर सोहळा बहुधा होऊन गेलेला असतो आणि आता वाडीकडे निघण्याची नव्हे, घरी थांबण्याची वेळ असते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत देऊळच काय, शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली आणि रस्ते बंद झाले. अशा दिवसांत दर्शनाच्या ओढीने निघालेला यात्रेकरू बचावपथकाच्या कामात भर घालतो, दुसरे काही नाही.

देऊळ पाण्यात असले म्हणजे सेवा बंद पडते, असा मात्र समज करून घेऊ नये. उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामी महाराजांच्या मंदिरात हलवली जाते आणि नित्योपचार तेथे चालू राहतात. तेव्हा श्रावणात गेलात आणि समोर देवळाऐवजी तांबूस पाण्याचा पसारा दिसला, तर हिरमुसून परतू नये. वरच्या मंदिरात दर्शन घ्यावे आणि पायरीवर उभे राहून ते पाणीही हात जोडून पाहावे.

ज्यांना पादुकांचे निवांत दर्शन हवे आहे, त्यांनी दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंतचा काळ निवडावा आणि त्यातही गुरुवार, पौर्णिमा व लागून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दत्तजयंतीला जन्मकाळाचा सोहळा अनुभवण्यासारखा असतो, परंतु त्या दिवशी मुक्कामाची जागा, शांतता आणि वेळ या तिन्हींची अपेक्षा ठेवू नये. गुरू कन्या राशीत प्रवेश करतो तेव्हा गंगा कृष्णेच्या भेटीस येते, या श्रद्धेने येथे बारा वर्षांनी कन्यागत महापर्वकाळ साजरा होतो. मागचा २०१६ साली झाला, त्यावरून पुढच्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पोहोचणे आणि उतरणे

रेल्वेने येणाऱ्याने कोल्हापूर-मिरज मार्गावरील जयसिंगपूर येथे उतरणे सर्वांत सोयीचे. तेथून वाडी साधारण १५ किलोमीटर आहे. जयसिंगपूरला थांबत नसलेल्या गाडीने येत असल्यास मिरजेला उतरावे. कोल्हापूरहून रस्त्याने अंतर ४५ ते ५० किलोमीटर आहे, तर सांगलीहून त्याच्या निम्म्याहूनही कमी. पुण्याहून स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांनी कोल्हापूरपर्यंत जाऊन मागे वळण्यापेक्षा पेठ नाक्याला महामार्ग सोडून आष्टा, सांगलीमार्गे यावे. जयसिंगपूरकडून येताना वाटेत शिरोळ लागते. ज्या शिळेवर महाराजांनी भोजन केले अशी श्रद्धा आहे, त्या भोजनपात्राचे मंदिर तेथे आहे आणि वाडीला जाणारे जाणते भाविक तेथे पाच मिनिटे थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत.

मुक्कामासाठी देवस्थानचे भक्तनिवास, खासगी लॉज आणि पुजारी मंडळींची घरे असे तीन पर्याय आहेत. माझा कल तिसऱ्याकडे आहे. येथील पूजेचा अधिकार महाराजांनी बहिरंभट यांना दिला आणि आजचे पुजारी त्यांचेच वंशज, अशी परंपरा आहे. त्यांच्या घरी उतरण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची असून, कित्येक कुटुंबांचे पुजारी ठरलेले असतात. सोवळ्याचे घर, साधे जेवण आणि ‘आता धूपारतीला निघा’ असे आठवणीने सांगणारे माणूस हे लॉजमध्ये मिळत नाही. मात्र आधी कळवून जावे, खोलीचे व जेवणाचे काय द्यायचे ते आल्या आल्या मोकळेपणाने विचारावे आणि घरच्या सोवळ्याओवळ्याचा मान राखावा. संकोचाने न विचारता शेवटी पाकीट पुढे करण्यात दोघांचीही पंचाईत होते.

सामानात पुरुषांनी धोतर किंवा सोवळे आणि उपरणे, स्त्रियांनी साडी किंवा अंगभर पोशाख, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी आणि तीर्थासाठी झाकणाचे भांडे ठेवावे. हिवाळ्यात पहाटे नदीकाठची थंडी बोचरी असते, म्हणून शाल विसरू नये.

पहिली संध्याकाळ

दुपारी पोहोचून सामान ठेवले की लगेच रांगेत शिरू नये. आधी घाटावर जाऊन नदी पाहावी, हातपाय धुवावेत आणि देवळाभोवतीच्या परिसराची ओळख करून घ्यावी. घाटावर आणि देवळाच्या आसपास येथे राहून गेलेल्या संन्याशांची समाधिस्थाने आहेत. नारायणस्वामी, काशीकर स्वामी, गोपाळस्वामी, मौनी स्वामी ही नावे तेथे भेटतात. टेंबे स्वामी या नावाने सर्वपरिचित असलेल्या श्रीवासुदेवानंद सरस्वतींचा वाडीशी असलेला ऋणानुबंध तर सर्वश्रुत आहे. ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’ हा १८ अक्षरी मंत्र त्यांनीच रूढ केला आणि तो वाडीत इतका अखंड कानावर पडतो की, दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्येही तो मनात चालूच असतो.

तिसऱ्या प्रहरी ब्रह्मवृंदाचे पवमान पठण असते. अर्थ कळला नाही तरी मंडपाच्या कडेला बसून ते ऐकावे. गर्दी ओसरलेली असते आणि वाडीची शांतता कशी असते ते याच वेळी समजते.

संध्याकाळी दिवे लागले की धूपारती होते. झांजा, घंटा आणि धुपाचा दाट धूर यांत उभे असताना एखादी व्यक्ती जोराने घुमू लागली, ओरडू लागली किंवा जमिनीवर लोळू लागली, तर घाबरू नये आणि टक लावून पाहूही नये. बाधा झाली आहे या समजुतीने अनेक कुटुंबे आपल्या माणसाला येथे आणतात. ते दृश्य मोबाइलवर टिपणे ही शुद्ध असभ्यता आहे. त्या कुटुंबाशी बोलणे झालेच, तर देवाची सेवा आणि डॉक्टरांचे औषध एकाच वेळी चालू ठेवायला कोणाची हरकत नसते, एवढे सांगण्यास मात्र संकोच करू नये.

त्यानंतर निघते ती पालखी. उत्सवमूर्ती पालखीत बसवून देवळाला प्रदक्षिणा घातल्या जातात आणि प्रत्येक टप्प्यावर ठरलेली पदे ठरलेल्या चालींवर म्हटली जातात. ही पदे पाठ असलेले आजोबा आणि त्यांच्या ओळीची शेवटची दोन अक्षरे पकडत चाललेला नातू, हे जोडपे जवळजवळ रोज दिसते. पालखीच्या पुढे जाण्याची घाई करू नये. मागे राहून चालावे म्हणजे पदेही ऐकू येतात आणि धक्काबुक्कीही होत नाही. पावसाळ्यात पाण्याप्रमाणे पालखीचा क्रम बदलतो, म्हणून त्या काळात देवस्थानच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे. शेवटी शेजारती होते आणि देव निजतात. येथपर्यंत थांबलेला यात्रेकरू आणि दुपारी पेढे घेऊन परतलेला यात्रेकरू यांना एकच वाडी दिसली, असे म्हणता येणार नाही.

पहाट ते महापूजा

काकड आरती पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते. ऋतूप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे होत असल्याने आदल्या रात्रीच ती विचारून ठेवावी. नदीत स्नान करायचे असल्यास आरतीआधी करावे, पण काही पथ्ये पाळून. अंधारात अनोळखी घाटावर एकट्याने उतरू नये, शेवटच्या दिसणाऱ्या पायरीच्या पुढे जाऊ नये, कारण त्यापुढची पायरी शेवाळलेली असते किंवा नसतेच, आणि प्रवाह वरून संथ दिसला तरी पात्र खोल आहे. पाण्याला ओढ असेल किंवा रंग गढूळ असेल, तर तांब्याने अंगावर पाणी घ्यावे. शास्त्रालाही ते मान्य आहे आणि घरच्यांनाही. उन्हाळ्यात पंचगंगेच्या पाण्याचा रंग व वास बदललेला असतो. कोल्हापूर आणि इचलकरंजीकडून येणाऱ्या सांडपाण्याचे हे फळ असून त्याविरुद्ध या भागात बरीच आंदोलने झाली आहेत. त्या दिवसांत संगमावर बुडी मारण्याचा आग्रह धरू नये आणि नदीतून भरून घेतलेले तीर्थ देव्हाऱ्यासाठी ठेवावे, पिण्यासाठी नव्हे. साबण, कपड्यांची धुणी आणि निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी यांना घाटावर जागा नाही, हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते.

आरतीनंतरचे दर्शन हे दिवसातले सर्वांत निवांत दर्शन. गाभाऱ्याच्या लहानशा दारातून आतील पादुका वाकूनच पाहाव्या लागतात, आणि पुजारी सोडून कोणीही आत जात नाही, म्हणून तशी विनंतीही करू नये. दर्शन झाल्यावर प्रदक्षिणा घालाव्यात. कोणी अकरा घालतो, कोणी एकशे आठ. संख्या आपल्या गुडघ्यांना विचारून ठरवावी, कारण फरशी बहुधा ओली असते.

सकाळी पादुकांवर पंचामृताचे अभिषेक सुरू होतात. आपल्या नावाने अभिषेक करायचा असेल, तर देवस्थानच्या कार्यालयात किंवा आपल्या पुजाऱ्यांकडे आदल्या दिवशी नोंद करावी, नाव-गोत्र लिहून द्यावे आणि रकमेची छापील पावती घ्यावी. बाजारात ‘लगेच अभिषेक करून देतो’ असे म्हणणाऱ्याच्या मागे जाण्याचे कारण नाही. एकदा अशाच एका अनोळखी माणसामागे गेलो आणि अभिषेकाऐवजी केवळ लांबून नमस्कार पदरी पडला. तेव्हापासून पावतीशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा नियम मी पाळतो. अभिषेक आटोपले की मध्यान्ही महापूजा होते. पादुकांवर फुलांची आणि वस्त्रांची पूजा बांधली जाते, मोठी आरती होते आणि त्यानंतर महाप्रसाद. प्रसादाच्या पंगतीला अवश्य बसावे, ताटात टाकू नये आणि ऐपतीप्रमाणे अन्नदानाच्या पावतीत भर घालावी.

अभिषेक आणि महापूजा यांच्या मधे मोकळा वेळ मिळाला, तर पलीकडच्या तीरावरील औरवाडला जाऊन यावे. पूल आहे, पाणी शांत असेल तेव्हा नावही मिळते. हेच गुरुचरित्रातले अमरापूर. तेथे अमरेश्वराचे देऊळ आहे, आणि गरीब ब्राह्मणाच्या दारातील घेवड्याचा वेल महाराजांनी उपटला व त्याच्या मुळाशी द्रव्याने भरलेला कुंभ निघाला, ती कथा याच गावची. कुटुंबाचे रोजचे पोट ज्या वेलावर चालत होते तोच उपटलेला पाहून त्या घरातील बाई किती कळवळली असेल, हे त्या तीरावर उभे राहिल्यावर अधिक जाणवते.

स्वतःचे वाहन असेल आणि उरलेला दिवस हाताशी असेल, तर परतण्याआधी खिद्रापूर करावे. कृष्णेच्याच काठी असलेले कोपेश्वराचे हे शिलाहारकालीन मंदिर बाराव्या शतकातील असून, त्याच्या स्वर्गमंडपाचे छत मधोमध गोलाकार उघडे आहे आणि खाली ४८ खांब उभे आहेत. शिवमंदिर असूनही येथे नंदी नाही. तो कर्नाटकातील यडूर येथे असल्याचे सांगतात. दत्तभक्तीशी या मंदिराचा थेट संबंध नाही, पण वाडीपर्यंत येऊन ते न पाहता जाणे मला तरी जमलेले नाही. अट एकच: दोन्ही ठिकाणे अर्ध्या दिवसात उरकण्यासाठी महापूजा चुकवू नये.

राहता राहिली खरेदी. वाडीचे पेढे आणि कवठाची बर्फी यांची दुकाने देवळाकडे उतरणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना आहेत. चव घेऊ देतात, ती घेऊनच दुकान ठरवावे. कवठाची बर्फी आंबटगोड असते आणि अनेकांना पहिल्या घासाला रुचत नाही, म्हणून घरच्यांसाठी एकदम किलोभर घेऊ नये. हिवाळ्यात गेलात तर कृष्णाकाठची वांगी आठवणीने घ्यावीत. भाजीवाल्याला ती भरताची नव्हे, भरल्या वांग्याची हवीत असे सांगावे. बासुंदी मात्र वाडीतच बसून खावी, कारण कितीही बर्फ भरून दिला तरी ती पुण्यापर्यंत धड पोहोचत नाही.